पट्ट्याला जाळी बसविण्याचे ठरले

मी सुरक्षेच्या संघटनेत चौदा वर्षं काढली. त्या चौदा वर्षांत मला स्वतःला एकदाच इजा झाली. चहाचं पातेलं कलंडून पाय भाजला. तेव्हा शेजारच्या खोलीत कामाच्या जागी भाजण्यापासून बचाव कसा करावा यावर व्याख्यान चालू होतं, म्हणून मी ओरडले नाही. व्याख्यान संपल्यावर सगळ्यांना चहा वेळेवर मिळाला.

नव्वदच्या आगंमागंची गोष्ट. उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माडीवर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. कोल्हापुरात फौंड्र्या आणि मशीनशॉप चालवणारे, त्यांत नोकऱ्या करणारे इंजिनियर, अशा मंडळींनी मिळून ती संघटना काढलेली. आता ती उरली नाही, म्हणून मोकळेपणानं सांगते. कामावर माणसाला इजा होऊ नये, धुरानं-धुळीनं त्याची छाती भरू नये, यासाठी कारखानदारांना शहाणं करायचं हा तिचा उद्देश. उद्देश फार चांगला होता. चौकटीत घालून भिंतीला लावला होता. तो वाचायला येणारा माणूस मात्र आधी जिन्यात धडपडायचा, कारण तिसऱ्या पायरीची फळी निसटलेली होती. शेवटी मीच खडूनं भिंतीवर लिहिलं, 'तिसरी पायरी सोडून या.' त्या ऑफिसात सुरक्षेचं म्हणून जे पहिलं काम झालं ते हे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं आमच्या वस्तीतल्या विहाराच्या फळ्यावर शिकले. तिथल्या सूचना मी लिहायची, आणि अक्षर चुकलं की सगळी वस्ती येऊन सांगायची. ऑफिसात मला झाडलोट आणि चहासाठी घेतलं होतं. एकदा पाकिटांवर पत्ते घालायला माणूस नव्हता, ते मी घातले. चिटणीसांनी अक्षर बघितलं आणि म्हणाले, "मावशी, उद्यापासून इतिवृत्त तुम्ही उतरवा." म्हणजे सभेत काय झालं ते वहीत सुवाच्य लिहायचं. झाडू मात्र हातातून सुटला नाही. ऑफिसात राहून माझी भाषा सुधारली असं चिटणीस म्हणायचे. बिघडली असं माझी जाऊ म्हणायची.

चिटणीस एका कारखान्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा घालणारे, सरळ गृहस्थ. त्यांनी मला एक नियम शिकवला. सभेत माणसं 'बघू' म्हणतात. 'बघू की', 'करूया की', 'तुम्ही म्हणताय तर बघायला पायजे'. पण इतिवृत्तात 'बघू' असा शब्दच नसतो. तिथं एकतर 'ठरले' असतं, नाहीतर 'विचाराधीन ठेवण्यात आले' असतं.

"पण कुठलं बघू म्हणजे ठरले आणि कुठलं म्हणजे विचाराधीन, हे कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "जेवणाचं असलं की ठरले. बाकी विचाराधीन."

हा नियम मी सात वर्षं पाळला. एकदाही चुकला नाही.

वर्षातून एकदा सुरक्षा सप्ताह यायचा. आमच्याकडं त्याची तयारी वारांपासून व्हायची. सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी कुठल्याच वारी चर्चासत्र ठेवायचं नाही, कारण निम्मे सभासद त्या दिवशी मटण खात नाहीत. आणि मटण नसेल तर उरलेले निम्मेही यायचे नाहीत. मग संकष्टी, एकादशी बघायची. त्यातून जो दिवस उरेल त्या दिवशी वक्त्याला सवड असली तर सुरक्षा. सकाळी शपथ व्हायची. शपथेचा कागद एकच असायचा, त्यामुळे अध्यक्ष वाचायचे आणि बाकीचे हात पुढं करून प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द म्हणायचे. लांबून ऐकलं तर शंभर माणसं नुसती 'करीन, करीन, करीन' म्हणतायत असं वाटायचं. मुंबईहून पोस्टरं यायची. त्यावरचा कामगार घाऱ्या डोळ्यांचा, हातमोजे पांढरेशुभ्र, तोंडावर काजळीचा एक ठिपका नाही. त्यातलं एक मी घरी नेलं, तर जाऊ म्हणाली, "ह्यो कामाला आलाय का फोटो काढून घ्यायला?"

ही माझी धाकटी जाऊ. गडहिंग्लजकडची. मला अक्का म्हणायची आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायची. शिरोलीच्या एका फौंड्रीत ती कामाला होती. फौंड्री आमच्या संघटनेच्या अध्यक्षांचीच. मीच शब्द टाकून तिला तिथं लावलं होतं, तेव्हा पुढं जे झालं त्यात माझाही वाटा धरा.

फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी साच्यासाठी वाळू मळावी लागते. वाळूत माती आणि पाणी घालून मळणारी मोठी चक्की असते, तिला मिल म्हणतात. त्या मिलजवळ उभं राहून फावड्यानं वाळू सारायची हे जावेचं काम. मोटरीवरून मिलला रुंद पट्टा आलेला. तो तिच्या कमरेइतक्या उंचीवर, हातभर अंतरावर दिवसभर फिरत असायचा. मुळात त्या पट्ट्यावर जाळी होती. पण पट्टा सारखा घसरायचा. तो चढवायचा म्हणजे दरवेळी जाळीचे चार बोल्ट काढायचे आणि परत बसवायचे. एवढा वेळ कुणाला? एकदा काढली ती काढलीच. चार दिवस भिंतीला टेकून होती. मग वॉचमनला कोंबड्या झाकायला बरी पडली. म्हणजे त्या फौंड्रीत मुंगसापासून, मांजरापासून, सगळ्यापासून सुरक्षित कोण होतं, तर वॉचमनच्या चार कोंबड्या.

बायका तिथं लुगड्यावरून नवऱ्याचा जुना सदरा घालून काम करतात. त्या मे महिन्यात ऊन असं होतं की जावेनं सदरा काढून ठेवला. वाळू सारताना पदर सुटला आणि पट्ट्यात गेला. लुगडं जुनं, विरलेलं, म्हणून टरकन फाटलं आणि ती मागं पडली. नवं असतं तर? नवं लुगडं नेसून कामाला जायची ऐपत नव्हती, म्हणून वाचली.

ती घरी आली ती पदराच्या जागी चिंध्या घेऊन. गेटवर फळा असायचा, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा आकडा लिहिलेला. मी विचारलं, "फळा पुसला काय गं?"

"कशाचा पुसतोय! सुपरवायझर म्हटला, रगात आलं काय? न्हाय न्हवं? मग अपघात कसला? जा, पाणी पी."

मग चुलीपुढं बसून तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "अक्का, तू त्या सुरक्षेच्या हापिसात हाईस न्हवं?"

"चहा करते गं मी तिथं."

"आनि लिवतीस बी. मग एवढं लिव की, आमच्या पट्ट्याला जाळी पायजे म्हणून."

"मी लिहून होतंय होय?"

"मग काय लिवतीस तिथं दिवसभर?"

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते हो, त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "लेखी अर्ज द्यायला सांगा, सहीनिशी. आपण तो तपासणी समितीपुढे ठेवू." तपासणी समितीचे प्रमुख कोण, तर अध्यक्ष. हे घरी सांगितल्यावर जाऊ हसत सुटली. "म्हंजे मालकाची तक्रार मालकाकडं, आनि खाली माजं नाव! लई भारी हापिस हाय तुजं." अर्ज काही तिनं दिला नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. चहा करणाऱ्या बाईनं अध्यक्षांच्या फौंड्रीवर अर्ज आणला म्हटल्यावर माझं काय झालं असतं, हाच विचार माझ्या मनात आधी आला होता.

पुढच्या मार्चमधल्या सप्ताहात 'सर्वांत सुरक्षित कारखाना' म्हणून अध्यक्षांच्या फौंड्रीला बक्षीस ठरलं. बक्षिसाची रीत अशी की प्रत्येक कारखान्यानं आपला तक्ता आपणच भरून द्यायचा. सगळे तक्ते माझ्याच हातून स्वच्छ उतरून जायचे. 'यंत्रांना संरक्षक जाळ्या आहेत काय?' यापुढं त्यांनी 'होय' लिहिलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. जाळी होतीच, कोंबड्यांवर होती. मी ते 'होय' सुवाच्य अक्षरात उतरवलं.

बक्षीस द्यायला पुण्याहून सुरक्षेतले एक जाणकार गृहस्थ बोलावले. किडकिडीत, चष्मेवाले, कमी बोलणारे. समारंभ फौंड्रीतच. मला रांगोळी आणि चहासाठी नेलं. आता आमच्याकडं समारंभ म्हटला की फेटा आला. शाल नसली तर चालेल, भाषण नसलं तर फार बरं, पण फेट्याशिवाय माणूस स्टेजवर बसवला तर तो आपल्याला उपाशी ठेवल्यासारखं तोंड करतो. फेटेवाला सकाळपासून येऊन बसलेला. बाराजणांना भगवे, जरीकाठाचे फेटे बांधले. मागं शेमला, म्हणजे फेट्याचं लोंबतं टोक, पार कमरेच्या खाली.

फेटे बांधून झाले आणि हेल्मेटं आली. ही हेल्मेटं एरवी कपाटात असायची, पाहुणा आला की बाहेर. आता फेट्यावर हेल्मेट बसेना. फेटा काढावा तर मान जातो, हेल्मेट टाळावं तर फोटो बिघडतो. मोठी पंचाईत झाली. शेवटी चिटणीसांनी तोड काढली, "हेल्मेट हातात धरू." तो फोटो मी पुढं कितीदा बघितला. बाराजण, डोक्याला फेटे, आणि हेल्मेटं उलटी पोटाशी धरलेली. सगळे डेअरीवर दुधाला निघाल्यासारखे दिसतात.

मग फौंड्री दाखवायला निघाले. पुढं अध्यक्ष, शेजारी पाहुणे, मागं बाकीचे, आणि सगळ्यांत मागं पाण्याचा तांब्या घेऊन मी. अध्यक्ष मोठ्या आवाजाचे, मोकळे गृहस्थ. "या पावणं, इकडं बगा, ही आमची मिल. आपल्या भागात एवढी मोठी कुणाकडं न्हाय." पाहुणे मिलमधली वाळू बघायला वाकले. जाऊ समोर फावडं धरून उभी होती. तिला काय होणार ते सगळ्यांच्या आधी दिसलं.

"अवो पावणं, लांब व्हा! लांब!"

मिलच्या आवाजात ते कुणाला ऐकू येतंय! शेमला पट्ट्यावर पडला आणि खेचला गेला. पाहुण्यांची मान गप्पकन वळली. जावेनं फावडं टाकलं, एका हातानं त्यांच्या डोक्यावरचा फेटा असा फटकारून उडवला की त्यांचा चष्माही गेला, आणि दुसऱ्या हातानं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. आठ-नऊ मीटर कापड बघता बघता पुलीभोवती गुंडाळलं गेलं. जळका वास आला. मिल कण्हत कण्हत थांबली.

पाहुणे बोडक्या डोक्यानं आपली मान चाचपत होते. माझ्या हातातला तांब्या कधी पडला मला कळलं नाही. जाऊ धापा टाकत उभी. आणि अध्यक्षांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे:

"अगं ए! पावण्यांच्या डोक्याला हात घालतीस? फेटा पाडलास त्यांचा?"

"मग काय मुंडकं जाऊ देऊ व्हय?" जाऊ म्हणाली.

तुम्ही म्हणाल, माणूस मरता मरता वाचला आणि हा फेट्याचं काय घेऊन बसला. पण तिथल्या कुणालाच ते वेगळं वाटलं नाही. भरल्या समारंभात, एका कामाच्या बाईनं, पाहुण्याचा फेटा हातानं उडवलेला सगळ्यांनी बघितला होता. पट्टा कुणी बघितलाच नव्हता. पट्टा तिथं रोजच असायचा.

पट्टा बघितला तो एकट्या पाहुण्यांनी. चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे विचारलं, "याला गार्ड कुठे आहे?"

"रंगवायला दिलंय," अध्यक्ष म्हणाले. त्याच दमात सुपरवायझर म्हणाला, "नवीन येतंय." आणि चिटणीस म्हणाले, "तुम्हाला आतलं नीट दिसावं म्हणून आजच काढलं." वॉचमन तेवढा काही बोलला नाही.

पाहुण्यांना दुसरा फेटा बांधला. ते नको नको म्हणत होते, पण बक्षीस देतानाचा फोटो राहिला होता. ते बक्षीस देऊन न जेवता गेले. त्या दिवशी मटण उरलं, ही संघटनेच्या इतिहासातली पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं जावेला सांगितलं, चार दिवस घरी बस, वातावरण निवळू दे.

ती घरी बसली म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी मी घरी आले तर म्हणाली, "मी बसतो की घरात, मला काय! खरं माज्या जागी नवी बाई लावलीय. तिला लाल बटण कुठं हाय ते बी ठावं न्हाय. तिचा पदर गेला तर?"

"आणि चार दिवसांनी तुला बोलावलं तर जाशील?"

"जाळी बसली तर जातो. न्हाईतर न्हाय."

असं म्हणाली खरी. पण न जाऊन चालणार नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. पाचव्या दिवशी ती परत त्याच पट्ट्याजवळ उभी राहणार होती. जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आनि जाळी बसवलीच तर बोल्टाची नगो. बोल्टाची परत काढून ठेवत्यात. बिजागरी लावायची. पट्टा घसरला की उघडायची, चढवला की लावायची. दाराला लावतो की आपण, तसं." चौदा वर्षांत मी पुष्कळ जाणकारांची व्याख्यानं चहा देता देता ऐकली. याच्याइतकं सरळ कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी कार्यकारिणीची सभा भरली. विषय, 'समारंभात घडलेला प्रकार'. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. मला वाटलं होतं, आता तरी जाळीचं निघेल.

एकजण म्हणाला, हल्ली फेट्याचं कापडच निसरडं येतंय. दुसरा म्हणाला, कापडाचा दोष नाही, फेटेवाला बदलला पाहिजे. तिसरा म्हणाला, शेमला एवढा लांब कशाला? वीतभर पुरे. त्यावर चौथा उसळला, "वीतभर शेमला? ते काय शेपूट हाय?" मग फेट्याऐवजी नुसती शाल द्यावी असं निघालं. पण शालही अंगावरून लोंबते, तीसुद्धा पट्ट्यात जाऊ शकते, हा धोका चिटणीसांनी लक्षात आणून दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरक्षेचा इतका बारकाईनं विचार त्या खोलीत मी आधी कधी ऐकला नव्हता. तासाभरानं ठरलं की कारखान्याच्या आत पाहुण्याला फुलांचा गुच्छ द्यावा आणि फेटा बाहेर आल्यावर बांधावा. सगळे खूश. भजी मागवली.

सभेत मी कधी बोलत नसे. त्या दिवशी तोंडून निघून गेलं. "आणि साहेब, जाळीचं काय लिहू?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू पंखा बोलला. अध्यक्षांच्या हातात भजी होतं. ते चावता चावता म्हणाले, "जाळीचं बघू की मावशी. त्यात काय."

घरी येऊन मी इतिवृत्त लिहायला घेतलं. नियमाप्रमाणं 'जाळीचा विषय विचाराधीन ठेवण्यात आला' एवढं लिहायचं होतं. पेन टेकवलं आणि पुढं जाईना. सात वर्षांतली सगळी विचाराधीनं डोळ्यांपुढं आली. धुळीच्या मास्कचं, फुटक्या चष्म्यांचं, आमच्या तिसऱ्या पायरीचंसुद्धा. माझ्याच अक्षरात, ओळीत, सुंदर. मग मी लिहिलं:

'अध्यक्षांच्या फौंड्रीतील वाळूच्या मिलच्या पट्ट्यास आठ दिवसांत जाळी बसविण्याचे सर्वानुमते ठरले. जाळी बिजागरीची असावी. सूचक, स्वतः अध्यक्ष.'

सकाळी चिटणीसांपुढं वही ठेवली. इतिवृत्तावर आमच्याकडं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, हजर सभासदांची नावं मानाप्रमाणं लागली की नाही. चिटणीसांनी बोट ठेवून नावं तपासली, एकाला वर घेतलं, एकाला खाली. खालचा मजकूर त्यांनी वाचला की नाही, मला आजही सांगता येत नाही. वाचला असेल असं मला वाटतं, कारण सही करून त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "आजच झेरॉक्स काढून सगळ्या सभासदांना पाठवा." एरवी पंधरा दिवस लागायचे. मी त्याच दिवशी पाकिटं टाकून आले.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष जिना धाडधाड चढून आले. तिसरी पायरी विसरले, कळवळले, आणि तसेच लंगडत माझ्यापुढं येऊन कागद आपटला.

"मावशी, हे काय? मी 'बघू' म्हटलेलो."

"होय साहेब."

"मग 'ठरले' कुठनं आलं?"

"साहेब, सहलीच्या वेळी तुम्ही बघू म्हणालात, मी ठरले लिहिलं. स्नेहभोजनाला बघू म्हणालात, मी ठरले लिहिलं. कधी काही बोलला नाहीत."

"आनि ही बिजागरी? मी बिजागरी म्हटलो?"

"ते पट्ट्याजवळ उभं राहणाऱ्यांनी सुचवलं."

त्यांना कळलं कोणाबद्दल बोलते ते. तोंड लाल झालं. आता गेली माझी नोकरी म्हणून मी पदर खोचून उभी राहिले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनीच उचलला. इचलकरंजीकडच्या कुणा सभासदांचा होता, आवाज एवढा की मला निम्मं ऐकू येत होतं. ठराव वाचला, डोळे भरून आले, स्वतःच्या फौंड्रीपासून सुरुवात करायला छाती लागते, असं ते म्हणत होते. अध्यक्ष ऐकत राहिले. हळूहळू चेहरा बदलत गेला. शेवटी म्हणाले, "न्हाय न्हाय, त्यात काय एवढं. सुरुवात आपल्यापासनंच कराय पायजे की! आनि साधी न्हाय बरं का, बिजागरीची लावतोय. बोल्टाची लोक काढून ठेवत्यात."

फोन ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चहा टाका."

ठरावापासून सातव्या दिवशी जाळी बसली. नवी, पिवळी, तिच्यावर लाल अक्षरात 'संघटनेच्या ठरावानुसार' आणि खाली अध्यक्षांचं नाव, जाळीच्या निम्म्याएवढं. नारळ फोडला, भाषण झालं. घरी बसायचे चार दिवस लांबत गेले होते, जावेला आदल्या दिवशी कुठं बोलावणं आलं होतं. फेट्याचा विषय कुणी काढला नाही. भाषण चालू असताना तिनं दोनदा जाळी उघडून लावून बघितली. बिजागरी कुरकुरली, तर अध्यक्षांना तिथंच थांबवून म्हणाली, "मालक, तेल पायजे हिला." आणि नव्या बाईला हाताला धरून भिंतीवरचं लाल बटण दाखवलं.

आपणही तशी जाळी बसवली असं आणखी दोन कारखान्यांनी कळवलं. बाकीच्यांनी अभिनंदनाचा ठराव केला. पुढं एका सभासदाच्या मशीनशॉपमध्ये एका माणसाची दोन बोटं गेली. त्या महिन्यात आमची सभा होती ती वार्षिक स्नेहभोजन कुठं ठेवायचं यावर. ती मी जशीच्या तशी उतरवली, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

ही गोष्ट सांगितली की लोक मला त्या ठरावाबद्दल शाबासकी देतात, तेव्हा मला त्या दोन बोटांची आठवण होते. लिहायची सोय तेव्हाही माझ्याच हातात होती. वही तीच, पेन तेच. पण माझ्या घरचं माणूस पट्ट्याजवळ उभं होतं तेव्हाच काय तो माझा हात धजला. बाकीच्या पट्ट्यांजवळही कुणाच्या तरी जावा उभ्याच होत्या.

जाऊ त्या मिलवर आणखी नऊ वर्षं होती. रोज संध्याकाळी वाळूनं माखून यायची, दोन्ही हात धुवायची आणि त्या दोन्ही हातांनी भाकरी थापायला बसायची. तिच्या भाकरी कधी धड झाल्या नाहीत, कडा फाटायच्या, मध्ये जाड राहायच्या. घरातली सगळी नावं ठेवायची. मी मात्र कधीच ठेवली नाहीत.